जाड पायांच्या अक्षरांचं गाव

शिकागोला गेल्यावर लोक काय बघतात? उंचच उंच विलिस टॉवर, आरशासारखी चकचकीत 'बीन', संध्याकाळी नेव्ही पिअर आणि मग जेवायला डेव्हन अॅव्हेन्यूवरचा डोसा. मीही हे सगळं इमानेइतबारे बघितलं, फोटो काढले, घरच्या ग्रुपवर टाकले. पण माझ्या यादीत पहिल्या दिवसापासून एक वेगळंच नाव होतं. टू रिव्हर्स, विस्कॉन्सिन.

"तिथे काय आहे?" ताईने विचारलं. ताई म्हणजे माझी मामेबहीण, शिकागोच्या उपनगरात आयटीत आहे.

"लाकडी खिळे," मी म्हटलं.

दाजींनी चहाचा कप खाली ठेवला. "खिळे बघायला तीन तास गाडी चालवायची? आणि तेही लाकडी? अगं, इथे होम डेपोत लोखंडी मिळतात, हवे तेवढे!"

त्यांची चूक नाही. दाजी कोल्हापूरचे असले तरी पक्के कॉम्प्युटरच्या जमान्यातले. 'खिळा' म्हणजे छपाईचं एक सुटं अक्षर, हे आता किती जणांना माहीत असणार? एकेक खिळा उचलायचा, ओळ जुळवायची, ओळींचं पान करायचं, शाई लावायची आणि छापायचं. आपल्या आजोबांच्या पिढीने वाचलेलं जवळजवळ सगळं असंच छापलं गेलं. बारीक मजकुरासाठी शिशाचे खिळे आणि भिंतीवरच्या पोस्टरांसाठी मोठाले लाकडी. त्या लाकडी अक्षरांचं जगातलं एक मोठं घर टू रिव्हर्समध्ये आहे. हॅमिल्टन वुड टाइप अँड प्रिंटिंग म्युझियम असं त्याचं नाव.

त्यातही मला बघायचं होतं ते एका खास घराण्याचं अक्षर. त्याला स्लॅब सीरिफ म्हणतात. नाव जड वाटतंय? थांबा, तुम्ही ते रोज बघता. इंग्रजी छापील अक्षराच्या टोकांना ज्या छोट्या आडव्या रेघा असतात ना, त्या सीरिफ. 'टाइम्स न्यू रोमन'मध्ये त्या नाजूक, निमुळत्या होत गेलेल्या असतात. 'एरिअल'मध्ये त्या नसतातच. आणि स्लॅब सीरिफमध्ये त्या अक्षराच्या दांड्याइतक्याच जाड, चौकोनी, सरळ ठोकळ्यासारख्या असतात. पार्किंगमधल्या अॅक्टिव्हावर 'होंडा' ही अक्षरं बघा. टीव्हीवर 'सोनी' बघा. तुमचं ऑफिस आयबीएमचं असेल तर गळ्यातल्या कार्डावर बघा. पाय फाकवून, मातीत घट्ट रोवून उभा राहिलेला पैलवान असतो ना, तसं हे अक्षर. त्याला ढकलून बघा, पडणार नाही.

हे पैलवानाचं उदाहरण मी दाजींना दिलं आणि कोल्हापूरचा माणूस विरघळला. शनिवारी सकाळी सात वाजता गाडी निघाली.

ऑक्टोबरचा शेवट होता. मिलवॉकी मागे पडलं की रस्ता मोकळा होतो. दोन्ही बाजूंना कापणी झालेली मक्याची शेतं, लाल कोठारं, उंच सायलो आणि मधूनच उजवीकडे लेक मिशिगनची निळी पट्टी. तळं कसलं, समुद्रच तो! पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा येतात, फक्त खारा वास तेवढा नाही. वाटेत मॅनिटोवॉक लागतं. १९६२ साली रशियाच्या स्पुटनिक ४ चा एक तापलेला तुकडा या गावातल्या भर रस्त्यात येऊन पडला होता. जिथे पडला तिथे रस्त्यातच एक धातूचं कडं बसवलंय. आम्ही उतरलो, कड्यावर उभं राहून फोटो काढला. अमेरिकेतल्या छोट्या गावांना आपल्याकडचं काहीही जपायची भारी हौस. आज मला हे फारच आवडत होतं, त्याचं कारण पुढे येईल.

तिथून तळ्याच्या काठाकाठाने दहा-बारा किलोमीटरवर टू रिव्हर्स. वस्ती अकरा हजारांच्या आसपास. ईस्ट ट्विन आणि वेस्ट ट्विन अशा दोन नद्या इथे एकत्र येऊन तळ्याला मिळतात, म्हणून हे नाव. ताई म्हणाली, "म्हणजे आपल्या कराडचा प्रीतिसंगमच की!" फक्त इथे कृष्णा-कोयनेच्या जागी मासेमारीच्या बोटी आणि हाडं गोठवणारा वारा.

म्युझियम बाहेरून अगदीच साधं. कारखान्याचीच शेड. पण आत पाऊल टाकलं आणि आधी वास आला. शाई, रॉकेलसारखं काहीतरी आणि जुनं लाकूड. मी दारातच थांबले. हा वास मला माहीत होता आणि तो वीस वर्षांत मी कुठेच घेतला नव्हता.

आत ओळीने उभी लाकडी कपाटं आणि त्यांचे शेकडो सपाट खण. कुठलाही ओढा, आत अक्षरं. बोटभर उंचीची, वीतभर उंचीची, एखादं तर दोन हातांनी उचलावं लागेल एवढं. म्युझियमचा आकडा आहे पंधरा लाख अक्षरांचा. रंग मधासारखा, वर्षानुवर्षांच्या शाईने काळवंडलेला. आणि सगळीकडे तेच जाड पाय.

आम्हाला फिरवून दाखवायला एक आजी होत्या. पांढरे केस, डेनिमचा एप्रन, नखांत शाई. कारखान्यात आयुष्य काढलेल्यांपैकी नव्हेत, निवृत्त शिक्षिका, आता इथे स्वयंसेवक. त्यांनी गोष्ट सुरू केली ती १८८० सालापासून. जे. ई. हॅमिल्टन नावाचा इथलाच एक तरुण. गावातल्या वर्तमानपत्राच्या संपादकाला एका पोस्टरसाठी मोठी अक्षरं घाईने हवी होती आणि बाहेरून मागवायला वेळ नव्हता. हॅमिल्टनने पायाने चालवायच्या करवतीवर अक्षरं कापली, लाकडी ठोकळ्यांवर चिकटवली आणि दिली. पोस्टर झकास छापलं गेलं. त्यातून धंदा सुरू झाला. हॉली नावाच्या झाडाच्या पातळ पट्टीतून अक्षर कापायचं आणि साध्या लाकडावर चिकटवायचं, ही त्याची युक्ती स्वस्त पडायची. स्पर्धकांचे दर त्याने पार पाडले. १८९१मध्ये त्याने कनेक्टिकटमधली विल्यम पेजची नावाजलेली कंपनी विकत घेतली आणि एकोणिसावं शतक संपेपर्यंत अमेरिकेतल्या लाकडी अक्षरांच्या धंद्यात त्याला तोड उरली नव्हती. कुठल्या कोपऱ्यातलं गाव आणि कुठला धंदा!

पुढे त्याने चिकटवायचा प्रकार सोडला आणि अख्ख्या मेपलमध्ये अक्षरं कोरायला घेतली. इथे आजींनी एक ठोकळा माझ्या हातात दिला. "बोट फिरव," म्हणाल्या. गुळगुळीत. रेषा नाहीत, रवा नाही. मेपलचा ओंडका उभा न चिरता पावासारखा आडवा कापायचा, तो बराच काळ वाळू द्यायचा आणि त्या कापलेल्या तोंडावर अक्षर कोरायचं. तोंडाकडचं लाकूड दाबाला घट्ट असतं, हजारो छाप काढले तरी दबत नाही. उंची ठरलेली, ०.९१८ इंच. शिशाच्या खिळ्याचीही तीच, म्हणजे लहानमोठी अक्षरं एकाच पानात शेजारी बसतात. कोरायचं यंत्र म्हणजे पँटोग्राफ. एका टोकाला मोठ्या लाकडी नमुन्यावरून कडेकडेने सुई फिरवायची, दुसऱ्या टोकाला गरगर फिरणारं पातं तेच अक्षर लहान आकारात कोरतं.

"आता सांग," आजी म्हणाल्या, "फिरणारं पातं गोल असतं. मग आतला काटकोन कसा कोरणार?"

मी विचार करत राहिले. दाजींनी उत्तर दिलं, "हाताने!"

बरोबर. पात्याने कोपरे गोलसर राहायचे, मग कारागीर पातळ सुरीने एकेक कोपरा साफ करायचे. दिवसभर, वर्षानुवर्षं तेच काम.

इथेच मला जाड पायांचं गुपित कळलं. मी इतके दिवस समजत होते की ती एक स्टाइल आहे. जाडजूड म्हणून रांगडी, रांगडी म्हणून काउबॉय सिनेमातली. प्रत्यक्षात बारीक सीरिफ लाकडात टिकत नाही. कोरतानाच उडते, नाहीतर शंभराव्या छापाला तुटते, नाहीतर पोरगं खण ओढताना ठोकळा पाडतं आणि टवका जातो. जाड पायाला यातलं काही होत नाही. शिवाय रस्त्याच्या पलीकडून, पावसात भिजलेल्या कागदावरून, शाई थोडी पसरलेली असली तरी ते वाचता येतं. गरजेने घडलेलं अक्षर ते. त्याचा रुबाब नंतरचा.

त्याचा जन्म मात्र अमेरिकेतला नाही, लंडनचा. तोवर छापील अक्षर म्हणजे पुस्तकातलं अक्षर, डोळ्यांसमोर फूटभर अंतरावर धरून वाचायचं. एकोणिसावं शतक उजाडलं आणि लंडनच्या भिंती बोलायला लागल्या. लॉटरी, नाटकं, औषधं, घोडागाड्यांची वेळापत्रकं. आता अक्षराला ओरडावं लागणार होतं. १८१५च्या सुमारास व्हिन्सेंट फिगिन्स या खिळे ओतणाऱ्याने 'अँटिक' नावाने ठोकळ्यासारख्या पायांचं अक्षर काढलं. लोकांनी त्याला 'इजिप्शियन' म्हणायला सुरुवात केली. का? तर नेपोलियनच्या १७९८च्या स्वारीनंतर युरोपात इजिप्तची लाट होती, खुर्चीपासून चहाच्या कपापर्यंत सगळं इजिप्शियन. अक्षरात इजिप्तचं काहीही नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. अगदी १९२९ साली जर्मनीत निघालेल्या स्लॅब सीरिफचं नावही 'मेम्फिस'. ब्रँडिंगचा फंडा काही आपल्या पिढीने शोधलेला नाही!

१८४५मध्ये रॉबर्ट बेस्लीच्या लंडनमधल्या कारखान्याने 'क्लॅरेंडन' काढलं. पैलवान तोच, पण थोडा शिकलेला. दांडा आणि पाय जिथे जुळतात तिथे छान वळण, त्यामुळे शब्दकोशात ठळक शब्द छापायलाही चालायचं. बेस्लीने ते नव्या कायद्याखाली रीतसर नोंदवलं. संरक्षण मिळालं तीन वर्षांचं. मुदत संपली आणि झाडून सगळ्यांनी क्लॅरेंडन काढलं. पायरसीबद्दल रडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

अमेरिकेत हे अक्षर लाकडात उतरलं, कारण मोठं अक्षर शिशात परवडत नव्हतं. जड, महाग आणि ओतताना तोंड सपाट येईलच याची खात्री नाही. न्यूयॉर्कच्या डेरियस वेल्सने १८२७मध्ये यंत्राने लाकडी अक्षरं काढायला सुरुवात केली. १८३४मध्ये विल्यम लेव्हनवर्थने पँटोग्राफ जोडला आणि मग कुणाला काही धरबंध राहिला नाही. अक्षर ताणा, दाबा, पाय दांड्यापेक्षाही जाड करा. या शेवटच्या प्रकाराला 'फ्रेंच क्लॅरेंडन' म्हणतात. सिनेमात शेरीफच्या दारावर जो 'वाँटेड'चा कागद असतो, सर्कशीच्या जुन्या पोस्टरवर जी अक्षरं असतात, तीच ती.

त्या पोस्टरवर प्रत्येक ओळ वेगळ्या रुंदीच्या अक्षरात का असते, हेही आजींनी दाखवलं. मला वाटायचं, हौस. छे! पोस्टरची प्रत्येक ओळ डावीकडून उजवीकडे गच्च भरायची असते. शब्द छोटा असेल तर आडव्या अंगाचं अक्षर घ्यायचं. शब्द लांब असेल तर चिंचोळं. म्हणून एकाच अक्षराच्या लठ्ठ, मध्यम, सडपातळ अशा भावंडांचे खण. लाकूड काही माउसने ओढून ताणता येत नाही. आणि हो, एखाद्या गावातल्या प्रेसकडे एकाच घराण्याचा अख्खा संच नसेल तर असेल ते अक्षर लावायचं. आज आपले डिझायनर मुद्दाम पाच-पाच फाँट मिसळून जो 'व्हिंटेज लूक' आणतात, तो मुळात गरिबीचा लूक होता.

इतका वेळ मी आजोबांबद्दल बोलले नाही, पण ते माझ्याबरोबर खणाखणातून फिरत होते.

साताऱ्याला आमच्या वाड्याच्या पुढच्या खोलीत आजोबांची प्रेस होती. एक ट्रेडल, खिळ्यांच्या केसेस, दोन कंपोझिटर. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, जत्रेची हँडबिलं, निवडणुकीची पत्रकं आणि सीझनला तमाशाची आणि कुस्त्यांची पोस्टरं. 'जंगी', 'भव्य', 'निमंत्रण' असले शब्द छापायला देवनागरी लाकडी अक्षरं होती. शिरोरेघ अशी जाड, की तिच्यावर पेला ठेवावा. आपलं अक्षर वरच्या रेघेला टांगलेलं, यांचं पायांवर उभं. बाकी जात एकच.

गावात ऑफसेट आलं, डीटीपी आलं, गिऱ्हाईक गेलं. २००३मध्ये ट्रेडल भंगारात गेलं, शिशाचे खिळे किलोवर गेले. लाकडी खिळ्यांना भंगारवाल्याने हातही लावला नाही. मी तेव्हा सहा वर्षांची. ती अक्षरं दोन पोत्यांत भरून मागच्या पडवीत ठेवली गेली आणि त्या हिवाळ्यात आजीने ती बंबात घातली. आंघोळीचं पाणी तापवायला. छान जळायची, शाईमुळे असेल. मी शेजारी बसून एकेक अक्षर ओळखायचे आणि मग ते आत टाकायचे. 'क', टाक. 'म', टाक. मला तेव्हा नुकतंच वाचता यायला लागलं होतं, सगळे माझं कौतुक करत होते. आजोबा पेपर वाचत बसलेले असायचे. ते काहीच बोलले नाहीत. आजीची यात काय चूक? पोत्यात लाकूड होतं आणि लाकूड जळतं.

मास कॉमला आम्हाला टायपोग्राफीचा एक पेपर होता. प्रोजेक्टरवर लाकडी अक्षरांचा फोटो आला तेव्हा वर्गात बसल्याबसल्या माझ्या पोटात गोळा आला होता. आजोबा तेव्हा नव्हते.

तर, म्युझियमच्या एका टोकाला छापायचं यंत्र आहे. व्हॅंडरकूक, प्रूफ काढायचं. आजी म्हणाल्या, एखादा शब्द लाव, छापून देते. मी इंग्रजीत 'सातारा' लावायचं ठरवलं. सहा अक्षरं, त्यात तीन 'ए'. खणातून मी बोटभर जाडीच्या पायांचं क्लॅरेंडन निवडलं. अक्षरं उलटी असतात, आरशात दिसतात तशी. 'ए' आणि 'टी'ला फरक पडत नाही, 'आर' पटकन कळतो. मी मोठ्या ऐटीत ओळ लावली, आजींनी शाईचा रूळ फिरवला, दाजींनी दांडा फिरवला आणि कागद उचलला. काहीतरी खुपत होतं. पहिलंच अक्षर, 'एस', डोक्याने जड दिसत होतं, मोठी पगडी घातल्यासारखं.

आजी हसल्या. "उलटा लावलास. वरचं पोट लहान असतं, खालचं मोठं. तेव्हा कुठे ते नीट उभं राहतं."

गेली कित्येक वर्षं मी 'एस' हे अक्षर लिहितेय, वाचतेय, टाइप करतेय. त्याची दोन पोटं सारखी नसतात हे मला माहीतच नव्हतं. आजोबांना हे अंधारात, बोटांनी कळलं असतं. मी 'एस' फिरवला आणि दुसरा कागद काढला. मग दाजींनी 'कोल्हापूर' लावायचा हट्ट धरला. त्यांना कोण थांबवणार!

हे सगळं सुखासुखी टिकलेलं नाही, बरं का. हॅमिल्टनची कंपनी पुढे फर्निचर, प्रयोगशाळांची टेबलं, एवढंच काय, कपडे सुकवायचं यंत्रही बनवायला लागली. १९३८ साली ते यंत्र बाजारात आलं. दाराला काच लावा म्हणजे लोकांना आत कपडे गरगरताना दिसतील, अशी कल्पना ब्रूक्स स्टीव्हन्स या डिझायनरची. या सगळ्यात लाकडी अक्षरं मागे पडत गेली आणि १९८०च्या दशकात बंदच झाली. जे उरलं ते गोळा करून गावच्या इतिहास मंडळाने १९९९मध्ये म्युझियम उभं केलं. २००९मध्ये 'टाइपफेस' नावाची डॉक्युमेंटरी आली, थोडं नाव झालं, आणि २०१२मध्ये जुनी इमारत सोडायची वेळ आली, कारण तिथला कारखानाच बंद होत होता. लाखो अक्षरं, यंत्रं, नमुने आणि महिने हातात थोडे. देशभरातून छपाईचे वेडे आले, खोकी भरली, कडाक्याच्या थंडीत वाहून नेली. २०१३मध्ये आत्ताच्या जागेत म्युझियम पुन्हा उघडलं. व्हर्डाना आणि जॉर्जिया हे फाँट करणाऱ्या मॅथ्यू कार्टरने तर या म्युझियमसाठी लाकडात कोरायचं नवं अक्षर करून दिलंय. त्याचे पाय मात्र ठोकळ्यासारखे नाहीत, त्रिकोणी आहेत.

दर नोव्हेंबरला इथे छपाईवाल्यांचा मेळा भरतो. त्याला 'वेझगूझ' म्हणतात. इंग्लंडातल्या छापखान्यांची जुनी प्रथा, वर्षातून एकदा मालकाने कामगारांना मेजवानी द्यायची. मी आजींना सांगितलं, आमच्याकडे खंडेनवमीला यंत्राची पूजा करतात. ट्रेडलला झेंडूचा हार, हळदकुंकू, नारळ, त्या दिवशी छपाई बंद आणि कंपोझिटरना पेढे. आजींनी हे वहीत लिहून घेतलं. झेंडूचं स्पेलिंगही विचारलं.

मग त्यांनी विचारलं, "तुमची अक्षरं कशी होती? काढून दाखव ना."

मी पेन्सिल घेतली. 'ज' काढायला गेले. शिरोरेघ किती जाड होती? दांड्याएवढी की थोडी कमी? टोकं सरळ तोडलेली की तिरकी? मला आठवेना. शेकडो अक्षरं या हातांनी बंबात टाकलीत, प्रत्येकाचं नाव घेऊन, आणि एकाचाही आकार आठवेना. मी काढलेला 'ज' मोबाइलवरच्या फाँटसारखा आला.

बाहेर येऊन बाबांना फोन लावला. इथे सकाळचे साडेअकरा, साताऱ्यात रात्रीचे दहा. मी सगळं एका दमात सांगितलं. बाबांचा प्रश्न आधी हवामानाचा, मग जेवणाचा. मग म्हणाले, "एक आहे की अजून."

"एक काय?"

"खिळा. लाकडी. माझ्या कपाटाच्या मागच्या पायाखाली घातलाय. फरशी बसली होती तेव्हा आप्पांनीच घातला होता."

"कुठलं अक्षर आहे?"

"काय माहीत. तोंड खाली आहे."

जेवायला गावातच थांबलो. टू रिव्हर्सचा आणखी एक दावा आहे, आइस्क्रीम सन्डेचा. १८८१मध्ये एड बर्नर्सच्या दुकानात एका गिऱ्हाइकाने सोड्यात घालायचं चॉकलेट सिरप आइस्क्रीमवर घालून मागितलं आणि सन्डे जन्मला, असं हे गाव सांगतं. न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावाला हे मान्य नाही, ते १८९२ची तारीख दाखवतात. आपल्याकडे मिसळीवरून चालतं तसंच. वॉशिंग्टन हाउस या जुन्या हॉटेलात बर्नर्सच्या दुकानाची प्रतिकृती आहे, तिथे सन्डे खाल्ला. चार अंश तापमानात. दाजींनी दोन खाल्ले.

तुम्ही कधी शिकागोला नातेवाइकांकडे गेलात तर एक शनिवार काढाच. स्वतःची गाडी किंवा गाडीवाला दाजी हवा, सार्वजनिक वाहनाच्या भरवशावर हे जमणार नाही. थंडीत जाणार असाल तर कानटोपी घ्या आणि जाण्याआधी म्युझियमच्या वेळा बघून ठेवा. वेळ उरला तर पॉइंट बीचचं दीपगृह बघा. आणि खण ओढताना हळू.

डिसेंबरमध्ये साताऱ्याला गेले. बाबांनी कपाट एका बाजूने उचललं आणि मी हात घालून ठोकळा ओढला. वीसेक वर्षं फरशीत रुतून बसलेला, कडेला पांढरी बुरशी. ओल्या फडक्याने पुसला. तोंडावर अजून काळी शाई होती.

'ण' निघाला. बाणाचा. बाबा म्हणाले, "हा निमंत्रणातला. त्याच पोस्टरला लागायचा, एरवी खणात पडून असायचा." तीन जाड दांडे, वर शिरोरेघ, टोकं सरळ तोडलेली. रेघ दांड्यापेक्षा थोडी कमी जाड आहे, मी पट्टीने मोजली. फोटो काढून टू रिव्हर्सच्या आजींना पाठवला. त्यांचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. उंची किती आहे, असं विचारलं होतं.

कपाटाखाली आता पुठ्ठ्याची घडी आहे. दार उघडलं की कपाट थोडं डुगडुगतं.